खवलोजींना घरी जायचे होते

एका जंगलात, मुलांनो, इतिहास नावाची वस्तूच नव्हती. सकाळ व्हायची, संध्याकाळ व्हायची, सगळे जेवून झोपायचे. लढाई नाही, शहर नाही, कोणी कुठे जात नाही. तिथल्या पिल्लांना शाळेत पाठ करायला काहीच नव्हते. फार सुखी पिल्ले होती ती.

त्या जंगलात खवलोजी नावाचे एक खवल्या मांजर राहत असे. अंगभर खवले, हातभर जीभ आणि स्वभाव अतिशय भित्रा. जरा कोणी मोठ्याने बोलले, की खवलोजी अंगाचे मुटकुळे करायचे. अगदी चेंडूसारखे गोल.

एके दुपारी त्यांची बायको खवलाई म्हणाली, "आज बाबा जेवायला येताहेत. टेकडीवरून मुंग्यांची अंडी घेऊन या. आणि दिवेलागणीच्या आत या हं. बाबांना भूक निघत नाही."

"हा गेलो आणि हा आलो," खवलोजी म्हणाले. जगातल्या मोठमोठ्या मोहिमा अशाच सुरू होतात.

खवलोजींनी अंडी द्रोणात भरली आणि परत फिरले. तेवढ्यात टेकडीवर वानरे आणि रानडुकरे यांची जुंपली. ऊन आधी टेकडीवर पडते, मग दरीत. म्हणून दरीतली डुकरे चिडली होती. "तुम्ही वापरलेलं शिळं ऊन आम्ही का घ्यायचं?"

वानरांचा म्होरक्या शेपटराव गरजला, "फुकट मिळतंय ते घ्या की गुपचूप!"

त्या आवाजाने खवलोजी दचकले. द्रोण पोटाशी धरून त्यांनी मुटकुळे केले. समोर उतार होता. ते गडगडत गेले आणि थेट डुकरांच्या घोळक्यात घुसले. असले हत्यार डुकरांनी जन्मात पाहिले नव्हते. ती जी पळाली, ती थेट नदीपार.

"सेनापती खवलोजींचा विजय असो!" शेपटराव ओरडला. "आता पुढचा हुकूम?"

"मला घरी जायचंय," खवलोजी म्हणाले.

"ऐकलंत का रे? सेनापतींना घरी जायचंय! म्हणजे वाटेतला सगळा मुलूख आपला!"

सैन्य निघाले. पण वाटेत कोणी 'विजय असो' म्हटले, की सेनापती घाबरून मुटकुळे करत. वानरांना वाटे, हा मुक्कामाचा हुकूम. मुक्काम पडला, की एखादी खार शेंगांचे दुकान टाकी. दुकानाकडे जायला रस्ता लागे. रस्त्यावर गर्दी होई. गर्दी अडवायला वेस बांधत आणि वेशीत सगळे अडकले, की त्याला शहर म्हणत. अशी मुटकुळपूर बुद्रुक, मुटकुळपूर खुर्द आणि नवे मुटकुळपूर ही शहरे वसली.

मग लांबलांबचे प्राणी ती शहरे बघायला येऊ लागले. चार दिवस राहायचे, "आमच्याकडचं पाणी गोड बाई" म्हणायचे आणि परत जायचे. यालाच प्रवास म्हणतात, मुलांनो.

ससे तर लढायच्या आधीच शरण आले. म्हणाले, "आम्ही हरलो. फक्त वेशीजवळ गाळा द्या."

खवलोजी रोज विनवत, "अहो, सासरे जेवायचे थांबलेत!" शेपटराव लगेच दवंडी पिटे, "सासऱ्यांचाही मुलूख घ्यायचा आहे!"

असे करता करता एकदाचे घर दिसले. एका मोठ्या वारुळाखालचे बीळ.

"शत्रूचा किल्ला!" शेपटराव म्हणाला. "पाडा! इथेच राजधानी बांधू!"

"अहो, ते माझं घर आहे!"

"तेच तर म्हणतो सेनापती. तुमच्या घरावर हे वारूळ बांधायची हिंमत केली कोणी?"

गलका ऐकून खवलाई बाहेर आली. "आलात? होता कुठे इतके दिवस?"

"जग जिंकत होतो गं. वाटेत लागलं."

"आणि अंडी?"

"फुटली. मुंग्या झाल्या. आता त्या सैन्यात आहेत."

तेवढ्यात सैन्य ओरडले, "राजधानीचा विजय असो!" खवलोजी पुन्हा गोल होऊ लागले.

"खबरदार मुटकुळं केलंत तर!" खवलाई म्हणाली. खवलोजी सरळ झाले. बायकोची भीती सैन्यापेक्षा मोठी निघाली. खवलाईने दाराजवळचा एक गोल धोंडा उतारावर ढकलला आणि ओरडली, "अहो शेपटराव, इथे काय करताय? सेनापती तर निघाले!"

"चला रे! सेनापती निघाले!" धुरळा उडाला. सगळे सैन्य धोंड्यामागे धावले.

धोंडा थांबला तिथे राजधानी झाली. त्याने पुष्कळ वर्षे राज्य केले. कर वाढवला नाही, भाषण केले नाही, मेहुण्याला जहागीर दिली नाही. असा राजा पुन्हा होणे नाही, असे त्या जंगलातले म्हातारे अजून म्हणतात.

खवलोजी बिळात शिरले. सासरे पानावर बसूनच होते.

"या जावईबापू," ते म्हणाले. "मोठी मोहीम केलीत म्हणे. मग वाढायचं काय?"

खवलाईने छताची वाळवी खरवडून वाढली.

तात्पर्य : संध्याकाळी वेळेवर घरी येणाऱ्याच्या नावाने जगात एकही शहर वसत नाही. म्हणून, मुलांनो, ज्याला इतिहासात जायचे असेल त्याने उशीर करावा, आणि ज्याला जेवायचे असेल त्याने आपल्या जागी वेळीच एक धोंडा नेमावा. प्रजेला फरक कळत नाही. कळलाच, तर धोंडा आवडतो.