दोन्ही अंगाले सारखा माल

अमरसिंग मास्तरांसारखा वाचणारा माणूस सगळ्या दारव्हा तालुक्यात दुसरा नव्हता, असं खुद्द अमरसिंग मास्तरच सांगत! बोरी अरबच्या बाजारात भज्यांची पुडी घेतली की भजी मित्रांना आणि कागद मास्तरांना. तेलकट कागदाच्या दोन्ही बाजू एकदम दिसतात, त्यामुळे वेळ वाचतो, असा त्यांचा अनुभव होता. "लिवलेला कागद म्या वाचल्याबिगर फेकला असं कोनी दाखवून द्यावं," ते छाती पुढे काढून म्हणत, "ही मिशी उतरवीन!" मिशी चांगली भरघोस होती. पैज घ्यायला कुणी धजत नसे.

तर एकसष्ट सालच्या पावसाळ्यात मास्तरांना इथिओपियात गणित शिकवायची नोकरी लागली. दोन वर्षांचा करार! तांड्यावरचा पोरगा समुद्रापार जाणार म्हणून धरमसिंग नायकापासून सगळे हरखून गेले. मास्तरांना मात्र एकच धास्ती. तिथं मराठी अक्षर औषधालाही मिळणार नाही, मग संध्याकाळी काढायच्या कशा? त्यांनी चोख बेत केला. पत्र्याच्या दोन पेट्या आणल्या. एकीत पुस्तकं. दुसरीत घरचं सुख, म्हणजे जवसाची चटणी, गोधडी, पत्त्यांचा जोड आणि नवेकोरे बूट.

पुस्तकांतली बहुतेक त्यांना तोंडपाठ होती. पण सगळ्यांत वर ठेवलेली एक जाडजूड रहस्यकथा अगदी ताजी होती. मुखपृष्ठावर लाल सुरा! नागपूरहून आणल्यापासून त्यांनी ती जिवाच्या करारानं बंद ठेवली होती. बायकोला, हंसाबाईला, वाचायला त्यांनीच शिकवलं होतं, पण या पुस्तकाला तिलाही हात लावू देत नसत.

"मले निस्ती पयली दोन पानं तं वाचू द्या," ती म्हणाली.

"बिलकुल नाई! तिथल्या एकटेपनाची दवा हाये ते."

"आन् इथल्या एकटेपनाले काय दवा हाये?"

मास्तरांनी पेटीला खट्कन कुलूप लावलं.

आता मास्तरांचे वडील, हरिसिंग. तरुणपणी ते आपल्या आज्याबरोबर बैलांच्या लदेणीवर हिंडलेले. मीठ, धान्य, काय काय वाहिलेलं! निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी दोन्ही पेट्या उचलून पाहिल्या आणि कपाळाला हात लावला.

"एक पेटी धोंड्यावानी, दुसरी फुलावानी! असं लादतेत का रे? बैलाची पाठ मोडन ना!"

"बा, टेसनावर बंडीनं नेऊ," मास्तर म्हणाले.

"बंडी? सात पिढ्या लदेणी केली आन् माहा लेक समुद्रापार चालला तं बंडीनं? पेट्या बैलावर जातीन! किल्ली दे हिकडं. म्या लादतो बराबर."

मास्तरांना गावात सगळ्यांचा निरोप घ्यायचा होता. म्हातारा काय करेल, फार तर दोन पुस्तकं इकडची तिकडं टाकेल, असं म्हणून त्यांनी किल्ली दिली. हुशार माणसं अशाच वेळी किल्ल्या देतात!

ते परतले तेव्हा हिऱ्या बैल सजूनधजून उभा होता. दोन अंगांना दोन पेट्या. हरिसिंग बाजूला उभे राहून खुशीत मिशा पिळत होते.

"पाह्य! केसाचाबी फरक नाई!"

वाजतगाजत सगळा तांडा बोरी अरबच्या स्टेशनावर पोचला. गाडी उभीच होती. नायकानं मास्तरांना हार घातला. हंसाबाईनं डोळ्यांना पदर लावला. आणि नेमक्या त्या घटकेला इंजिनानं शिट्टी फुंकली!

हिऱ्यानं जन्मात इंजिन पाहिलं नव्हतं. तो असा उधळला की पुसू नका! एक दोर तुटला आणि धाडकन एक पेटी फलाटावर आपटली. दुसरी पोटाखाली लोंबकळत हिऱ्याबरोबर कुंपणापलीकडच्या तुरीच्या शेतात गडप झाली. चारपाच माणसं ओरडत तिच्यामागं धावली.

मास्तरांनी फलाटावरच्या पेटीकडे पाहिलं आणि ते जागच्या जागी थिजले. झाकण उघडून सगळा ऐवज बाहेर सांडला होता. एक बूट. एकच! मधोमध कापलेली अर्धी गोधडी. अर्धेच पत्ते. चटणीची पुडी. सातआठ पुस्तकं. आणि त्यांच्यावर लाल सुऱ्याची ती रहस्यकथा, पाठीतून चिरून पुढची अर्धीच पानं राहिलेली!

"बा!" मास्तरांच्या तोंडून किंकाळीच फुटली. "हे काय केलं?"

"काय केलं म्हंजे? दोन्ही अंगाले सारखं वजन आन् सारखा माल! एक गोणी पुरात गेली तं दुसरीत सगळ्यातलं अर्धं ऱ्हाले पायजे. माह्या आज्यापासून हेच चालत आलं."

"पन पुस्तक कापलं? पुस्तक?"

"बाकीचे बराबर वाटल्या गेले. हे येकच उरलं ना, लट्ठ! पयले त्याच्या पाया पडलो, मंग कापलं."

गाडी हलली. मास्तरांनी हाताला लागेल ते पेटीत कोंबलं आणि लोकांनी त्यांना पेटीसकट डब्यात ढकललं. खिडकीबरोबर धावत हरिसिंग आनंदानं ओरडत होते, "पाह्य, माहंच खरं झालं! पुस्तकायची पेटी पळाली असती तं? आता अर्धं तं वाचलं!"

बोटीवर पहिल्याच दिवशी मास्तरांना समुद्र असा लागला की डोळ्यांपुढं काजवे चमकले. तरी कठड्याला टेकून त्यांनी घरच्या भाकरीबरोबर पुडीतली जवसाची चटणी बोटानं पुसून खाल्ली, तेव्हा कुठं जिवात जीव आला.

पुढं इथिओपियात, डोंगरावरच्या एका थंड गावात, अर्ध्या गोधडीत पाय पोटाशी घेऊन त्यांनी रहस्यकथेचा पूर्वार्ध एका बैठकीत वाचला. एक बंगला. वादळाची रात्र. पाहुणा आलेला म्हातारा डॉक्टर ताटावरच कोसळतो! मालक, पुतण्या, स्वयंपाकी, तिघांवरही संशय. इन्स्पेक्टर दिवाणखान्यात येतो, तोंड उघडतो, आणि पुस्तक संपतं! मास्तर रात्रभर तळमळले. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरी पत्र टाकलं की उरलेली अर्धी फाडी ताबडतोब पोस्टानं पाठव.

हंसाबाईचं उत्तर आलं. 'पेटी सापडली. हिऱ्या बी सापडला. दोघं खुशाल हायेत. फाडी धाडत नाई. खून कोनं केला ते मले समजलं. तुमी घरी आल्यावर सांगीन.'

मास्तरांनी विनवण्या केल्या, रागावले, अबोला धरला. हजारो मैलांवरून धरलेला अबोला समोरच्याला कळत नाही, हे त्यांना उशिरा उमगलं. तिथलं आंबट धिरडं खाताना, वर्गात बेरीज मांडताना, डोक्यात तोच विचार. खुनी कोण? पूर्वार्ध त्यांनी इतका वाचला की इन्स्पेक्टरच्या आधी तेच तोंड उघडू लागले. दोन वर्षांनी करार वाढवून मिळत होता. बरोबरच्या मास्तरांनी पटापट सह्या केल्या. अमरसिंग मास्तरांनी केली नाही. "वडील थकले," ते म्हणाले. खरं तर वडील ठणठणीत होते. मास्तरांना हंसाबाईवाचून करमत नव्हतं, आणि हे कबूल करण्यापेक्षा खुन्याचं नाव पुढं करणं त्यांना सोपं वाटत होतं.

बोरी अरबला ते उतरले तेव्हा सगळा तांडा हजर! नायकाच्या हातात हार होता, पण तो घालायचं भान त्याला राहिलं नाही.

"मास्तर, मेलं कोन ते पयले सांग!"

"आँ?"

"दोन वर्सं झाले! हंसाबाईनं संध्याकाळी समद्याईले वाचून दाखवलं. खुनी कोन ते ठाव हाये, पन मेलं कोन तेच समजत नाई. माहं म्हननं मालक मेला. तुहे बा म्हंतेत मालकीन."

त्याच संध्याकाळी कडुनिंबाखाली सतरंजी पडली. मास्तरांनी आपली फाडी हंसाबाईच्या मांडीवरच्या फाडीला लावली. दोन वर्षांनी दोघं खांद्याला खांदा लावून बसली होती, आणि खरं सांगायचं तर मास्तरांना दोन मिनिटं खुनाचा विसरच पडला.

"डॉक्टर मेला!" त्यांनी जाहीर केलं. तांड्यानं मोठा श्वास सोडला. "आता सांग, कोनं मारला?"

हंसाबाईनं ऐटीत मान डोलावून सांगितलं, "रघुवीरनं!"

"कोन रघुवीर?"

"कोन म्हंजे? तुमच्या फाडीत असन ना!"

"माह्या फाडीत रघुवीर नाईच!"

"माह्यात तं तो पयल्या पानापासून बेड्या घालून उभा हाये!"

सगळ्यांची तोंडं वासली. मास्तरांनी घाईघाईनं पानांचे आकडे पाहिले. मधली चार पानं गायब! सगळ्यांच्या नजरा हळूहळू हरिसिंगांकडे वळल्या.

"असं काय पाह्यता?" म्हातारा म्हणाला. "कापल्यावर येक फाडी जराशी जड झालती. तिच्यातले चार पानं काढले, आन् हलक्या अंगाच्या चटणीच्या पुडीले गुंडाळले. काटा बराबर!"

"कोनत्या अंगाची पुडी?" मास्तरांनी पानांवरून मान वर करून विचारलं.

"तुह्याच पेटीतली ना बेटा."

"मंग काय फिकीर!" हंसाबाई टाळी वाजवून म्हणाली. "हे कागद वाचल्याबिगर फेकतच नाईत. सांगा ना वो, कोन व्हता रघुवीर?"

मास्तरांना बोट आठवली. कठडा आठवला. चटणी पुसून खाल्ल्यावर बोळा करून समुद्रात भिरकावलेला तो तेलकट कागद आठवला. सगळा तांडा कान टवकारून बसला होता. मास्तरांचा हात नकळत मिशीवर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हावी आला. मास्तर डोळे मिटून त्याच्यापुढं बसले. वस्तरा ओठावर टेकला, तोच मागून हरिसिंग कळकळीनं ओरडले, "जपून रे भाऊ! दोन्ही अंगाले सारखी!"