चिंचेने उजळलेल्या चिपांची हकीकत

श्री वीजमाता प्रसन्न. शके एकोणीसशे बेचाळीस, शार्वरी नाम संवत्सर, विजयादशमीचे दिवशी राज्यात थोर घोळ जाहला, तो ऐसा जे, बाळराजे दिवस भरण्याआधीच जन्मास आले, म्हणोन त्यांस काचेच्या उबदार पेटीत ठेविले, आणि पेटीस वीज द्यावयास दोन पुरवठे बैलजोडीसारखे जुंपिले, आणि प्रत्येकात एक काळी चिप बसविली, तिचे काम हेच की भार निम्मा निम्मा वाटावा, आणि विजेचा धक्का बसता पुरवठा जपावयास तोडावा. मग डावीकडील चिप जळाली, आणि उजवा पुरवठा एकटाच भार ओढू लागला, आणि तापून हात लावू देईना. तो बसता तर बाळराजे गारठते. वीजखान्याचे दरोगे विसाजीपंत, ते धावतच आले.

पंतांनी राखीव चिपांची डबी काढिली. त्यांत जाती दोन. एक रुसकी, धक्का बसताच पुरवठा तोडी आणि कोणी कळ दाबेतोवर जोडीना. दुसरी चिवट, तोडी आणि क्षणभराने आपणच पुन्हा जोडी. राजवाड्याचा पाण्याचा पंप सुरू होताच पेटीस धक्का ठरलेला, सबब चिवटच हवी. दोहींचे रूप एक, नाव एक, पाठीवरचे शेवटले अक्षर तेवढे निराळे. पंत पाहतात तो एकाही पाठीवर अक्षर नाही, आणि साऱ्या लखलखीत!

"दिवाणजी, हे काय जाहले?"

दिवाण भगवंतराव संतोषे बोलिले, "काल खंडेनवमी नव्हे काय? तलवारींबरोबर याही पूजिल्या. चिंच आणि राख लावोन स्वहस्ते घासिल्या. कशा उजळल्या पहा!"

"अहो, अक्षरे गेली की!"

"जाईनात का. एका आईची लेकरे, कोणतेही बसवा."

पंतांस कपाळ बडवावेसे वाटले, परंतु वेळ नव्हता. मग एक चिप तपासणीच्या पाटीवर बसविली, धक्का द्यावयास तारेस तार लाविली, पाटीवरला दिवा विझला, तो विझलाच. "मेली," दिवाण बोलिले. "रुसली," पंत बोलिले. मग दुसरी बसविली, दिवा विझला आणि पेटला, पुन्हा विझला आणि पेटला. "झपाटली," दिवाण बोलिले. पंतांनी हर्षे दोन्ही मेजावर ठेविल्या आणि घाम पुसिला, तितक्यात दिवाणांनी दोन्ही उचलोन कौतुके निरखिल्या आणि परत ठेविल्या.

"कोणती कुठे ठेविलीत?"

"हीच ती. की ही?"

मग पंतांनी पुन्हा तपासिले, आणि डबीतील झाडून सर्व तपासिल्या, आणि चिवट निघे तीस लागलीच कुंकवाचा ठिपका दिधला, आणि एक ठिपकेवाली पेटीस बसविली. सायंकाळी पंप सुरू जाहला, पेटीचा दिवा लवला, आणि क्षणभराने आपणच उभा राहिला. बाळराजे वाचले. पंत भर दरबारी रडले.

पुढले साली, प्लव संवत्सरी, पुन्हा खंडेनवमी आली. पंत पूजेस उशिरा पोहोचले. दिवाणांचे मांडीवर बाळराजे, गुटगुटीत, बोट लालभडक. दिवाण बोलिले, "पंत, काही चिपांस कुंकू आणि काहींस नाही, हा पंक्तिभेद बरा नव्हे. बाळराजांचे हस्ते सर्वांस लाविले." पंत रागे काही बोलणार, तो बाळराजे हसले आणि पंतांचेही कपाळी ठिपका दिधला. मग पंत पुन्हा तपासणीची पाटी आणि तार शोधावयास गेले.

एवंच, राजवंश सुखरूप, डबी पूजित. रुसकी कोण आणि चिवट कोण, हे त्या घडीस कोणासही ठाऊक नव्हते.