तुळसा वानरीचा खांदा

बाळांनो, एका जंगलात वाघ कमी आणि समित्या जास्त होत्या. त्यांतली सर्वांत मानाची म्हणजे नेमबाजी समिती. तिचे अध्यक्ष होते तरसराव. त्यांनी जन्मात पिस्तूल हातात धरलं नव्हतं. म्हणून तर सगळे त्यांना निःपक्षपाती म्हणत.

जंगलातली सर्वांत चांगली नेमबाज होती तुळसा वानरी. पण यंदा तिचा उजवा खांदा ठणकू लागला. विसाव्या गोळीनंतर हात थरथरायचा. पाठ खाजवायला गेली तरी डोळ्यांत पाणी यायचं. आणि शेजारच्या जंगलाशी सामना तर दोन महिन्यांवर आलेला. यंदा हरली, की संघातून नाव जाणार.

ती अध्यक्षांकडे गेली.

"साहेब, खांदा फार दुखतोय हो."

"मन खंबीर कर," तरसराव म्हणाले. "दुखणं मनात असतं."

मग त्यांनी तिचा सत्कार ठेवला. पाच किलोची गदा तिच्या त्याच खांद्यावर ठेवून फोटो काढला. तुळसा कळवळली. फोटोखाली छापून आलं, 'खेळाडू भारावल्या.'

शेवटी ती घोरपडआजीकडे गेली. आजीची उभी हयात कड्याला चिकटून राहण्यात गेली होती. तिने तुळसाची पाठ चाचपली.

"पोरी, दुखतोय खांदा, पण ढिला पडलाय त्याच्या मागचा फरा, पाठीवरचं पसरट हाड. पायाच डगमगतोय, तर भिंत कशी ठरेल?"

"मग काय करू?"

"झाडाला तळवे टेकून ढकल. फांदीला रबरी पट्टा बांध आणि कोपर कुशीला ठेवून हळूहळू ओढ. पालथी पडून हात उचल. आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे."

"एवढंच?"

"एवढंच. म्हणून तर कुणी करत नाही."

तुळसाने समितीकडे पट्टा मागितला. समिती खो खो हसली.

"याचं उद्घाटन कसं करायचं?" तरसराव म्हणाले. "फीत म्हणून पट्टाच कापला जायचा!"

तुळसाने सायकलची जुनी ट्यूब मिळवली. पंधरा दिवस काडीचा फरक पडला नाही. ती रडली, आजीवर चिडली, पण ओढायची थांबली नाही. सहाव्या आठवड्यात एकदा पाठ खाजवून झाली, आणि मग तिच्या ध्यानात आलं, दुखलंच नाही!

सामन्यात तिने साठ गोळ्या झाडल्या. हात तसूभर हलला नाही. जंगल जिंकलं.

विजयसभेत 'स्कंधरत्न' पुरस्कार मिळाला तरसरावांना. तुळसा ताडकन उठली.

"मला समितीने नाही, घोरपडआजीने बरं केलं!"

"केवढा हा विनय!" तरसराव गहिवरले. टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसऱ्या दिवशी आजीला नोटीस आली, विनापरवाना झाड ढकलवल्याबद्दल.

तुळसाने संघाचा कोट अध्यक्षांच्या टेबलावर टाकला आणि आजीच्या कड्यापाशी व्यायामाचा वर्ग काढला. संघातल्या कुणालाही तिथे जायची परवानगी मिळाली नाही. पुढच्या वर्षी संघातले पाच खांदे निकामी झाले. जंगल सपाटून हरलं.

"हल्लीच्या खेळाडूंत वनप्रेमच उरलं नाही," असं म्हणून तरसरावांनी डोळे पुसले, आणि ते पुन्हा बिनविरोध निवडून आले.

तात्पर्य: बाळांनो, स्वतःचा खांदा मजबूत करत बसू नका. बंदूक नेहमी दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवावी. आपला कधीच दुखत नाही.