साडूपेक्षा कडक डबी

"सात दिवस! सात दिवसांत आपल्या घरातून जाहिरात हद्दपार केली नाही, तर शिवशरण नाव लावणार नाही!"

शाळेत हेडक्लार्क असलेल्या शिवशरणनं जेवता जेवता ही गर्जना केली. कारण अर्थातच साडू! बायको दानेश्वरी काल होटगी रोडला अक्काकडे जाऊन आली होती आणि आल्यापासून तिचं एकच पालुपद चाललं होतं.

"दाजींनी राउटरला एवढीशी डबी लावलीय. बातम्या उघडा, रेसिपी उघडा, घरातल्या कुठल्याच फोनवर जाहिरात न्हाई! आपण काय बघतो त्याच्या मागावर राहणाऱ्यांनाबी ती दारातनंच हाकलते म्हणे. दाजींचं डोकं लई चालतं की!"

दाजी, दाजी, दाजी! आधी दाजींची गाडी, मग दाजींची बाग, आता दाजींची डबी! शिवशरण नुसता जळून कोळसा झाला. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण 'आमच्या ह्यांचं डोकं चालतं' असं दानेश्वरीच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. ते ऐकायचंच, आणि तेही साडूच्या देखत, असा त्यानं पण केला.

साडू सिद्धलिंगप्पांच्या डबीत बंदी घातलेल्या इंटरनेटवरच्या पत्त्यांची यादी एक लाखाची होती. शिवशरणनं डबी आणली आणि शोधून शोधून चाळीस लाखांची यादी भरली! जाहिराती गेल्या. त्यांच्याबरोबर गॅस बुकिंग गेलं, विजेचं बिल गेलं, शाळेची हजेरीसुद्धा गेली.

"अहो, गॅस नोंदवता येईना!"

"येईल, येईल! पण जाहिरात दिसली का एक तरी?"

"न्हाई," दानेश्वरी म्हणाली. आणि काय सांगावं, तिचा चेहरा पडलेला होता! कौतुक राहिलं बाजूला, बाई रडवेली!

आता या डबीत आणखी एक सोय असते. घरातला कुठला फोन कुठल्या पत्त्यावर किती वेळा गेला, याची ती नोंद ठेवते. शिवशरणनं नोंद उघडली आणि डोळे चोळून पुन्हा वाचली. दानेश्वरीच्या फोननं एकाच पत्त्याचं दार दिवसभरात दोनशे बारा वेळा ठोठावलं होतं! पत्ता अनोळखी. यादीत असल्यामुळे दर वेळी हाकललेला, तरी पुन्हा हजर! चौदा वर्षांत आपल्याला हिनं दिवसातून दोनशे बारा वेळा हाक मारली नाही, आणि हा कोण लागून गेला?

तेवढ्यात स्वयंपाकघरातून दानेश्वरीचा फोनवरचा दबका आवाज आला. "दाजी, तुमच्याकडं दिसतंय ना? मग बास. ह्यांना एवढ्यात सांगू नका हं."

शिवशरणनं चहाचा कप बाजूला आपटला. पुन्हा दाजी! त्यानं तो पत्ता यादीतून शोधला आणि स्वतःच्या हातानं पुन्हा एकदा, वेगळा, बंद केला. मग फोन लावला. "साडू, रविवारी जोडीनं जेवायला या! आमची डबी दाखवतो तुम्हाला!"

रविवारी सिद्धलिंगप्पा आले ते तोंड फुगवूनच. शिवशरणनं चाळीस लाखांचा आकडा ऐकवला, तरी माणूस आपला फोनच चाळत बसला. शेवटी शिवशरणनं सगळ्यांसमोर तो पत्ता वाचून दाखवला आणि विचारलं, "हे काय प्रकरण आहे? साडू, तुम्हालाही माहीत आहे म्हणे!"

दानेश्वरीनं कपाळाला हात लावला. "अहो, आपल्या गावच्या बातम्यांच्या साइटवर माझ्या शेंगाचटणीची जाहिरात लागलीय की! महिनाभर. तुम्हाला अचानक दाखवायची होती. बुधवारपासून दिवसभर उघडून बघतेय, घरात दिसंचना!"

"आमच्याकडंबी दिसेना," अक्का म्हणाली. "मग ह्यांना तेवढा पत्ता उघडून द्यायला लावला."

सिद्धलिंगप्पांनी आपला फोन पुढे केला. तो शिवशरणच्या वायफायवर नव्हता, म्हणून जाहिरात ठसठशीत दिसली. बनियनवर बसलेला शिवशरण! डोळे मिटलेले, मिशीला चटणी, बोटं तोंडात. खाली लिहिलेलं: 'आमच्या ह्यांनी नावाजली, मगच बरणीत भरली!'

अख्ख्या सोलापूरनं त्याला पाहिलं होतं. पाहिलं नव्हतं ते फक्त त्याच्या घरानं!

"अगं, आधी सांगायचं नाही का!" शिवशरणनं घाईघाईनं सदऱ्याची बटणं लावली.

"सुखी आहात," सिद्धलिंगप्पा कडवट आवाजात म्हणाले. "आमच्या घरात आता जाहिरात दिसते ती एवढी एकच. ही उठल्यापासून तोंडासमोर धरते. 'बघा, बघा, दाजी बायकोच्या चटणीचं कसं कौतुक करतात! तुम्ही वीस वर्षांत एकदा तरी बोट चाटलं का?' मला जेवण गोड लागत नाही हो!"

शिवशरणच्या छातीत अशी काही गार झुळूक शिरली की विचारू नका! म्हणजे होटगी रोडलाही 'दाजी, दाजी' चालतं, आणि ते दाजी आपण! जेवताना त्यानं प्रत्येक घासाला बोटं चाटली, मोठ्यांदा.

निघताना सिद्धलिंगप्पांनी त्याला जिन्यात गाठलं.

"साडू, तुमची डबी माझ्यापेक्षा कडक आहे. मान्य!"

ज्यासाठी एवढा अट्टहास केला तेच वाक्य! शिवशरणनं दानेश्वरीला ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "काय म्हणालात? पुन्हा सांगा!"

"कडक आहे म्हटलं. आठवडाभर मला देता का?" सिद्धलिंगप्पा कुजबुजले. "तुमचं थोबाड बंद करायचंय."