रिठ्याच्या अर्काला हरकत

तळ्यातल्या गोगलगायींवर अर्क सोडायचा असेल तर आधी त्यांची हरकत ऐकून घ्यावी लागते, आणि ती त्यांच्या वतीने एखादी आजारी शेळी मांडते. खुटाळवाडीत हे सगळ्यांना माहीत होतं. तेजललाही होतं, फक्त बी.एस्सी. करून परतल्यापासून तिला या वेळखाऊपणाचा संताप यायचा.

गोगलगायींच्या पोटात किडे वाढत, तिथून काठच्या गवतावर येत आणि गवतातून शेळ्यांच्या यकृतात उतरत. मग शेळीचा जबडा सुजायचा, आणि एकदा ती बसली की उठायचीच नाही. आईचा कळप निम्म्यावर आला होता. तेजलने रिठ्याची टरफलं कुटून, उकळून अर्क काढला. बादलीत टाकलेल्या गोगलगायी सकाळपर्यंत गप्प झाल्या. आता पिंपं भरून तयार होती.

सुनावणी चावडीत झाली. सरपंच सर्जेरावआप्पांनी तेजलच्या आईच्या चंद्रीला पोत्यावर बसवलं. शेळीच्या जबड्याखाली सुजेची पाणी भरलेली पिशवी लोंबत होती.

"बोला," आप्पा म्हणाले.

"अर्कानं मरतील म्हणून माशांना खाणीच्या डबक्यात जागा दिलीत," शेळी म्हणाली. आवाज तिचा नव्हता. ओला होता, बऱ्याच जणांचा होता.

"मासे कुणाला मारत नाहीत," तेजल म्हणाली.

"पोरी, मध्ये बोलू नकोस. ऐकणं चाललंय."

"आप्पा, तुमचं ऐकून होईस्तोवर आमच्या गोठ्यात नुसते खुंटे उरतील."

"कॉलेजात हेच शिकवलं का गं?" मागून कुणीतरी विचारलं. दोघं-तिघं हसले.

शेळीने हसणं ओसरू दिलं. "गोगलगायींना मरण मंजूर आहे. प्रश्न त्यांच्या पोटातल्यांचा आहे. आम्ही कुठं राहायचं?"

आप्पांनी मान डोलावली. मुद्दा रास्त होता. कुणाचं बिऱ्हाड मोडायचं तर दुसरी जागा द्यावी लागते. चावडीत कोणी कोणाकडे बघेना.

"पुढच्या अमावास्येला घेऊ," आप्पा म्हणाले. "तोवर कोणी तयार होतंय का पाहू."

चंद्रीचे पाय पोत्यावर थरथरत होते. अमावास्येपर्यंत ती टिकणार नव्हती.

"मी देते जागा," तेजल म्हणाली.

"तेजे, खाली बस," आई म्हणाली.

"कुणीतरी द्यायलाच हवी ना, आई?"

"किती जणांना?" शेळीने विचारलं.

"सगळ्यांना."

आप्पांनी तळ्याचं पाणी तांब्यातून मागवलं. ते कोमट होतं. तेजलने उभ्यानेच संपवलं.

"आता हरकत नाही," शेळी म्हणाली, आणि लगेच स्वतःच्या आवाजात बेंबाटली.

त्याच संध्याकाळी अर्क सोडला. तळ्यावर पांढरा फेस चढला आणि त्याखाली कवचं एकेक करून तळाशी बसली. हळूहळू शेळ्यांच्या जबड्यांची सूज ओसरली. चंद्री पुन्हा बांधावर चढून बोरीचा पाला ओरबाडू लागली. तेजल काठावर बसून ते बघायची. तिला समाधान वाटायचं. आत, उजव्या बरगडीखाली, आणखी बऱ्याच जणांना वाटायचं.

आई रोज तिच्या ताटात भाकरी वाढते आणि विचारते, "त्यांचं झालं का पोटभर?"

तेजल क्षणभर ऐकून घेते.

"अजून अर्धी वाढ," ती म्हणते.