निळ्या बाटलीतलं सरबत

सावित्रीबाईंनी तिसरा ग्लास मागितला, तेव्हा अकरा वर्षांच्या संसारात आपल्या हातून पहिल्यांदाच काहीतरी धड झालं, असं धनराज बोरस्तेला वाटलं.

"आलं नेमकं पडलंय," सासूबाई म्हणाल्या. "चांगलं झालंय सरबत."

मनमाडच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या सावित्रीबाई कोणालाही सहसा 'बरं' याच्या वर शेरा देत नसत. जावयाच्या वाट्याला तर तेवढंही कधी आलं नव्हतं. त्या डोळे दाखवायला नाशिकला आल्या होत्या. सकाळी मोहिनी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली, दुपारी बाराला इंदिरानगरच्या फ्लॅटवर सोडून तशीच ऑफिसला पळाली. धनराजने सासूबाईंसाठी रजा घेतली होती. आता त्या काळा चष्मा लावून सोफ्यावर टेकल्या होत्या आणि आल्या-लिंबाचं सरबत पीत होत्या.

ते सरबत खरं म्हणजे धनराजच्या बारमधलं होतं. हॉलच्या कोपऱ्यात त्याने सुताराकडून चार फुटी कपाट करून घेतलं होतं आणि त्याला तो मित्रांमध्ये अभिमानाने 'आमचा बार' म्हणायचा. स्वतः तो महिन्यातून एखादा ग्लास घेत असेल. त्याला नाद होता तो बाटल्यांचा. लिंबाचं, कोकमाचं, जांभळाचं सिरप घरी करायचं आणि काचेच्या बाटल्यांतून रांगेने मांडून ठेवायचं. प्लॅस्टिकला वास धरतो, असं त्याचं ठाम मत होतं. सासूबाई येणार म्हटल्यावर मोहिनीने दारूच्या दोन्ही बाटल्या शेजारच्या शुभांगीकडे पाठवून दिल्या आणि बारचं एका दिवसात सरबताचं कपाट झालं.

धनराज सिन्नरच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासनीस होता. येणाऱ्या प्रत्येक पार्टकडे संशयाने बघायचं, याचाच त्याला पगार मिळे. भद्रकालीत कमळाबाईच्या भंगाराच्या दुकानात तो बाटल्या निवडायला बसला तेव्हाही त्याने तेच केलं. तोंडाच्या कडेवरून नख फिरवून टवका आहे का बघितलं. गळ्यातून ब्रश आत जाईल का, बूड सपाट आहे का, झाकण घट्ट बसतं का, हे तपासलं. साठेक बाटल्या नापास करून सहा उचलल्या. त्यातली एक निळीशार, सहा कोनांची होती आणि तिच्या अंगावर उभे कंगोरे होते. ती मातीने माखलेली होती. "लय जुनी हाय साहेब, विंग्रजाच्या टायमाची," असं कमळाबाई म्हणाली होती.

पाच बाटल्या एका संध्याकाळी स्वच्छ निघाल्या. कोमट पाणी, सोडा, मूठभर तांदूळ आणि खडेमीठ आत घालून खळखळ हलवल्या की झालं. निळीने मात्र तीन दिवस खाल्ले. तिच्या बुडाशी एक पांढरं कडं धरलेलं होतं. ते तांदळाने निघेना, ब्रशने निघेना. ब्रशचे केस झडले, पण कडं तसंच. व्हिनेगर घालून बघायचं त्याच्या मनात होतं, पण मोहिनीला तो वास सहन होत नाही. शेवटी बाटली उकळत्या पाण्यातून काढली, उन्हात वाळवली आणि कड्याकडे काणाडोळा करून आदल्या रात्री तिच्यात आल्या-लिंबाचं सिरप भरलं. सकाळी बघतो तर कडं गायब. लिंबाने काम केलं म्हणून तो खूश झाला. दोन चमचे चाखून बघितले आणि बाटलीचा फोटो काढून, 'काचप्रेमी' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून दिला.

सासूबाईंचा तिसरा ग्लास रिकामा होत होता तेव्हा त्या ग्रुपवर नागपूरच्या एका गृहस्थांचं उत्तर आलं.

'अभिनंदन. दुर्मिळ वस्तू आहे. निळी, कंगोरेदार, षटकोनी म्हणजे विषाची बाटली. अंधारात नुसत्या स्पर्शाने कळावं म्हणून पूर्वी विषाच्या बाटल्यांना असे कंगोरे करत. शोकेसमध्ये ठेवा. खाण्यापिण्याला चुकूनही वापरू नका.'

धनराजने ते दोनदा वाचलं. मग स्वयंपाकघरात जाऊन बाटली उजेडात धरली. बुडाशी पांढरं काही नव्हतं. बाटली नितळ होती आणि हीच गोष्ट भयंकर होती. तीन दिवस जे तांदळाला, सोड्याला, उकळत्या पाण्याला दाद देत नव्हतं, ते रात्रीत विरघळलं होतं. विरघळून गेलं कुठे, हे सांगायला गुणवत्ता तपासनीसाची गरज नव्हती.

त्याने फोनवर विषबाधेची लक्षणं शोधली. घशाला कोरड, नजर अंधूक होणं, डोळ्यांतल्या बाहुल्या विस्फारणं, हातापायांना मुंग्या, चिडचिड. चिडचिडीचा त्याने विचार केला. ते लक्षण धरायचं तर सासूबाई लग्नाच्या बैठकीपासूनच आजारी होत्या. तेवढं एक त्याने सोडून दिलं आणि बाकीची तपासायला तो हॉलमध्ये गेला.

"आई, हाताला मुंग्याबिंग्या येताहेत का?" त्याने जमेल तितक्या सहजपणे विचारलं.

सावित्रीबाईंनी मान वळवली. मुंग्या कशाला येतील, असं त्यांनी विचारलं. सहज, असं तो म्हणाला. थोडा वेळ थांबून त्याने आज वार कोणता आहे, तेही विचारलं. त्यांनी वार सांगितला, तिथी सांगितली आणि घशाला कोरड पडलीय, अजून एक ग्लास द्या, म्हणाल्या.

"नको," धनराज इतक्या घाईने म्हणाला की त्याचं त्यालाच कसंतरी झालं. "म्हणजे, पाणी देतो."

पाणी देताना, चष्मा जरा काढता का, अशी त्याने विनंती केली. चष्म्याला डाग दिसतोय, पुसून देतो, म्हणाला. सासूबाईंनी चष्मा काढला. धनराजने त्यांच्या डोळ्यांत बघितलं. दोन्ही बाहुल्या कवडीएवढ्या झाल्या होत्या. डोळ्यांत त्याखेरीज दुसरं काही शिल्लकच नव्हतं.

"मला सकाळपासून नीट दिसत नाहीये," सावित्रीबाई म्हणाल्या. "तुमचा चेहराही धुरकट दिसतोय."

तो कसाबसा बाथरूमपर्यंत गेला. त्याला सगळं दिसू लागलं. पोलीस चौकी, वर्तमानपत्रातला चौकोन, 'जावयाने सासूला विष पाजले', खाली मोहिनीचा फोटो. त्याने स्वतः दोन चमचे चाखले होते, ते आठवलं आणि बादलीच्या कडेवर बसल्याबसल्या त्याच्या डाव्या पायाला मुंग्या आल्या. पाय हलवल्यावर त्या गेल्या. पण तोवर त्याने मनातल्या मनात कुलदैवताला दोन नवस बोलून टाकले होते.

मोहिनीला फोन लावला, तर ती मीटिंगमध्ये. कमळाबाईचा नंबर होता, कारण बाटल्यांचे पैसे त्याने फोनवरूनच दिले होते. तिने उचलला. ती निळी बाटली कुठून आणलीत, एवढंच त्याने विचारलं. कमळाबाईने मोठ्या ऐटीत सांगितलं, की पेठच्या बाजूला एक गोऱ्या डॉक्टराचा दवाखाना होता, तिथली, अस्सल जुनी.

"त्यातलं सरबत माझ्या सासूबाई प्यायल्या आहेत," धनराज दबक्या आवाजात म्हणाला. "त्यांची नजर गेलीय. उद्या पोलीस आले तर तुमच्याच दुकानात येतील."

पलीकडून फोन बंद झाला. पुन्हा लावला, तर उचलेना.

आता वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. धनराजने गाडीची किल्ली घेतली, तोंडावर पाणी मारलं आणि हॉलमध्ये येऊन सासूबाईंसमोर उभा राहिला. आपण जरा दवाखान्यात जाऊन येऊ, म्हणाला. काही विशेष नाही, असंही म्हणाला.

सावित्रीबाई उठल्या नाहीत. त्यांनी त्याला समोरच्या खुर्चीत बसायला सांगितलं. तो बसला.

"तुम्हाला मोहिनीने सांगितलंय ना?" त्या म्हणाल्या. "सकाळी डॉक्टर तिला बाजूला घेऊन दहा मिनिटं बोलत होते. मी विचारलं तर म्हणाली, काही नाही. मला तेव्हाच शंका आली. आणि दुपारपासून तुम्ही काय करताय, तेही बघतेय मी. हाताला मुंग्या येतात का, वार कोणता, डोळ्यांत काय बघताय. डोक्यात गाठ आहे ना माझ्या?"

धनराजने तोंड उघडलं. नाही, असं सांगायला हवं होतं. पण मग काय आहे, ते सांगावं लागलं असतं. त्याने तोंड मिटलं. सावित्रीबाईंना उत्तर मिळालं.

त्यांनी पदर सारखा केला. धनराजने त्यांना आजवर घाबरलेलं पाहिलं नव्हतं, त्यामुळे ही भीती आहे हे त्याला उशिरा कळलं. मांडीवर ठेवलेला हात दुसऱ्या हाताने त्यांनी घट्ट धरून ठेवला होता.

"मला दोन गोष्टी बोलून टाकायच्या आहेत," त्या म्हणाल्या. "नंतर बोलता येईल न येईल."

मग त्या बोलत गेल्या. मोहिनीसाठी पुण्याचा एक मुलगा मनात होता. ते जमलं नाही याचा राग इतकी वर्षं धनराजवर काढला. नात्यात कोणी विचारलं, तर जावई कारखान्यात नटबोल्ट मोजतात, असं सांगत आल्या. दर दिवाळीला त्याने आणलेली साडी मोलकरणीला देऊन टाकली. एक निळी तेवढी स्वतः ठेवली, ती आवडली म्हणून. पण कधी त्याच्यासमोर नेसल्या नाहीत.

"माझ्या पोटच्या संतोषने मला कधी पाण्याचा पेला हातात दिला नाही," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही रजा काढून माझ्यासाठी सरबत करता. चुकलं माझं, धनराजराव. माणूस ओळखायला चुकले."

धनराजला हुंदका आवरला नाही. ज्या बाईला आपण विष पाजलं, ती आपली माफी मागते आहे, हे त्याच्या सोसण्यापलीकडचं होतं. तो रडतोय हे धुरकट दिसत असूनही सावित्रीबाईंना दिसलं, आणि आपलं काही खरं नाही याची त्यांना पक्की खात्री पटली. अक्काबाईला मघाशीच फोन केलाय, असं त्यांनी सांगितलं. अक्काबाई म्हणजे त्यांची इगतपुरीची धाकटी बहीण. ती सगळ्यांना जीपमध्ये घालून केव्हाच निघाली होती.

तेवढ्यात धनराजचा फोन वाजला. कमळाबाई होती. तो उठून गॅलरीत गेला.

"साहेब, पोलिसाचं नाव नका घेऊ," ती रडकुंडीला आली होती. "ती बाटली जुनी नाय. नवीकोरी हाय. शोभेच्या म्हणून खोक्यानं येत्यात वरून. नवी ठेवली तं फ्लॅटवाले हात लावत नाय. मंग मी चुन्यात बुडवते, माती फासते, आठ दिस उन्हात ठेवते. दवाखाना-बिवाखाना काय नाय."

"चुना?" धनराज म्हणाला. "कसला चुना?"

"पानाचा. खायाचा. माझ्या पोरीची शपथ."

तीन दिवस तांदूळ, मीठ आणि सोडा घालून त्याने नवी बाटली धुतली होती. कमळाबाईने त्याला चुना लावला होता आणि तो सासूबाई तीन ग्लास प्यायल्या होत्या. पण बाहुल्या? त्या तशा का झाल्या? हा विचार येतोय तोच मोहिनीचा फोन आला. त्याने दुसरं काही न बोलता आईच्या डोळ्यांचं विचारलं. अरे, सकाळी थेंब घातलेत तपासायला, संध्याकाळपर्यंत असंच दिसणार, ती म्हणाली. मोतीबिंदू आहे, ऑपरेशनला किती दिवस सुट्टी लागेल ते मी सकाळी डॉक्टरांना विचारत होते, आईला आत्ताच सांगू नकोस, उगाच घाबरेल.

धनराज आत आला. सासूबाईंच्या समोर बसून त्याने सगळं सांगितलं. बाटली, नागपूरचे गृहस्थ, कंगोरे, चुना, थेंब, मोतीबिंदू. एकही गोष्ट वगळली नाही. सावित्रीबाई ऐकत होत्या. त्यांचा चेहरा आधी उजळला, मग हळूहळू जुन्या जागी यायला लागला. शाळेतली पोरं तो चेहरा बघून बाकावर ताठ बसत असत.

"म्हणजे मला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या.

"नाही, आई."

त्या पुढे काही म्हणणार, तोच खाली जीप थांबली. जिन्यात रडण्याचा आवाज वर चढू लागला. अक्काबाई सर्वांत पुढे होती, मागे दोन सुना, एक जावई आणि घरात माणसं जमतील म्हणून घेतलेलं तांदळाचं पोतं. बहीण धडधाकट बसलेली बघून अक्काबाईचं रडणं दारातच अडकलं. सावित्रीबाईंनी तिला शांतपणे सांगितलं की डोळ्याचं किरकोळ निघालं, थेंबांनी डोकं गरगरलं म्हणून घाबरले, आता आलाच आहात तर जेवूनच जा. बाटलीचं त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

धनराज स्वयंपाकघरात पिठल्यासाठी कांदे चिरू लागला. थोड्या वेळाने सावित्रीबाई भिंतीला हात लावत आत आल्या आणि दार लोटून घेतलं.

"मघाशी मी जे बोलले," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "ते मोहिनीला सांगितलंत?"

"नाही, आई."

"सांगू नका. ते मी मरणार म्हणून बोलले होते."

"मला नीट ऐकूच आलं नाही," धनराज म्हणाला.

"आलं होतं. तुम्ही रडलात."

धनराजने पुढचा कांदा चिरायला घेतला. बाहेर अक्काबाई कोणाला तरी पाणी मागत होती. सावित्रीबाईंनी दाराच्या कडीला हात घातला आणि मागे न बघता म्हणाल्या,

"ते मी कोणाला सांगणार नाही."