तिसऱ्या वळणावरचा नट

माणसाची प्रगती भीतीमुळे अडते, हे आता पक्कं ठरलंय. मधे काही वर्षं ती पगारामुळे अडते असा एक गैरसमज सिन्नरच्या एमआयडीसीत पसरला होता. पण तिथल्या एका कंपनीनं (नाव कशाला पाहिजे, गेटवर पाटी आहे) पुण्याहून तज्ज्ञ बोलावले, त्यांना काजूवाली बिस्किटं दिली आणि तो गैरसमज कायमचा दूर करून घेतला.

तज्ज्ञांचं म्हणणं असं, की कामगार मशीनला भितो, साहेबाला भितो, सोमवारला भितो, पण आतून ही सगळी एकच भीती असते. आणि रोलर कोस्टरमध्ये बसलं की ती एका फेरीत निघून जाते. फेरी दोन मिनिटं दहा सेकंदांची. म्हणजे जेवायच्या सुट्टीत सुद्धा बसते.

लगेच सर्क्युलर लागलं. ‘सर्व कंत्राटी कामगारांसाठी भयमुक्ती शिबिर, सहकुटुंब. जो राईडमध्ये बसून निर्भयता प्रमाणपत्र मिळवील, त्याचाच कायम करण्याबाबत विचार करण्यात येईल.’ यातलं ‘कायम’ जाड टायपात होतं. ‘विचार’ बारीक टायपात.

भिकन अकरा वर्षं कंत्राटी फिटर होता. त्याला उंचीचं काही नव्हतं. लग्नाआधी दोन सीझन तो एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमणीवर रंग मारायला लोंबकळला होता, आणि वरच बसून डबा खायचा. वेगाचंही काही नव्हतं, कारण तो रोज सिन्नरच्या जीपला मागं लटकून यायचा. पण कायम व्हायचं होतं. कायम झालं की पोरीची, निकिताची, शाळा बदलता येणार होती. तेव्हा रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तो पोरीला घेऊन कंपनीच्या बसमध्ये बसला. शेजारी वेल्डर वसीम.

“भिकनभाऊ, आज घाबरून घे चांगलं,” वसीम म्हणाला. “घाबरला नाही तर बरा कसा होशील? सर्टिफिकीट नाय भेटायचं.”

पार्कचं नाव मौजलोक. तिथल्या कोस्टरचं नाव आधी ‘यमदूत’ होतं. फॅमिली पब्लिक येईना, म्हणून ‘गगनभरारी’ केलं. बोर्ड बदलला, गाडी तीच.

निकिता लाइनीत उभी राहिली, पहिल्या डब्यासाठी. भिकन भेळेचा कागद हातात घेऊन खालून गाडी बघत होता. पहिलं वळण, सर्र. दुसरं वळण, सर्र. तिसऱ्यावर टक्. त्यानं भेळ खायची थांबवली. परत गाडी आली. टक्. तो कुंपणाला टेकला आणि त्यानं डोळे बारीक करून वर बघितलं. नट बसवला की त्याच्यावर आणि खालच्या पट्टीवर मिळून रंगाची एक रेघ मारतात. रेघ सरळ, तर नट जागेवर. तिसऱ्या वळणावरची रेघ बोटभर तुटली होती.

तेवढ्यात फॉर्म आला. ‘आपणास कशाची भीती वाटते? (अ) उंची (ब) वेग (क) मरण (ड) इतर, स्पष्ट लिहा.’ भिकननं ‘ड’वर खूण करून स्पष्ट लिहिलं : तिसऱ्या वळणावरचा ढिला नट.

बाकी त्रेसष्ट जणांनी ‘अ’ लिहिलं होतं (एकानं लिहिलं आणि फॉर्म पुढं सरकवला). त्यामुळे पुण्याच्या उज्वला मॅडम भिकनचा कागद वाचून एकदम खुश झाल्या. त्यांनी त्याला मंडपात वेगळं बसवलं.

“भिकनभाऊ, हा नट तुमच्या आयुष्यात कधी आला?”

“आत्ताच दिसला मॅडम. भेळ खाताना.”

“आणि ढिला म्हणजे? वागायला?”

“दोन आटे.”

मॅडमनी ‘दोन वाटा’ असं लिहून घेतलं. “वळण म्हणजे आयुष्याचं वळण, बरोबर? घरात कुणी नाटकात काम करायचं का?”

“चुलते करायचे. गावच्या जत्रेत राक्षस व्हायचे. पण मॅडम, हा बोल्टाचा नट आहे. लोखंडाचा.”

“काळीज लोखंडाचं असणारी माणसं असतात,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या आणि ‘राक्षस’खाली दोन रेघा मारल्या.

शास्त्र असं सांगतं, की ज्याची भीती वाटते ते समोर आणून बसवावं. पार्कमध्ये एकच नट होता. जमील. दिवसभर अस्वल व्हायचा आणि पोरांबरोबर फोटो काढायचा. त्याचं अस्वलाचं डोकं उतरवून त्याला भिकनसमोर खुर्ची दिली.

“यांच्या डोळ्यांत बघा,” मॅडम म्हणाल्या. “हे नट आहेत. करतायत का तुम्हाला काही?”

जमील घामानं निथळत होता. “भाऊ, पाणी आहे का?” त्यानं विचारलं. भिकननं बाटली दिली. मॅडमनी लिहिलं : रुग्णाचा नटाशी पहिला संवाद, प्रगती समाधानकारक.

पाणी पिऊन जमील म्हणाला, “तिसऱ्या वळणाचा आवाज ना? तो ईदच्या आधीपासून येतोय. स्टाफला राईड फुकट आहे, तरी मी नाय बसत.”

याची नोंद झाली नाही. अस्वलाचं मत फॉर्मात बसत नव्हतं.

मग भिकन पार्कच्या मालकाकडं गेला. संतोषशेठ सभ्य माणूस. त्यांनी चिडचिड न करता तपासणीचं रजिस्टर दाखवलं. रोजची तारीख, आणि पुढं तपासणीच्या रकान्यात : नारळ. नारळ. नारळ. अमावास्येला लिंबू. खंडेनवमीला नारळ अधिक झेंडूचा हार. एक दिवस खाडा नाही.

“एवढं कुठं करतात सांगा,” शेठ म्हणाले. “आणि आजवर एक नट पडलेला नाही. पडला की त्या दिवशी बघूच.”

कंपनीचे एचआर रुद्र सर आले. वय सव्वीस. पण बोलायला निवृत्तीच्या जवळचे. “भिकन, तुमची ही शेवटची बॅच आहे. बसलात तर कायम.”

“आणि नट निघाला तर कायमचा,” भिकन म्हणाला.

वसीम फसकन हसला. रुद्र सरांनी ‘नकारात्मकता’ असं लिहिलं.

भिकननं बाजूला गाडीकडं बघितलं. निकिता पहिल्या डब्यात बसली होती, दांडा पोटावर घेऊन, आणि त्याला हात करत होती. “पप्पा, या ना! सगळे आले!”

“वसीम,” भिकन म्हणाला, “बसच्या पेटीतून तीस-बत्तीसचा पाना आण.”

पुढचं अहवालात असं आहे : ‘सदर कामगार राईडमध्ये बसण्याऐवजी राईडवर चढला. हे भीतीचं अतिशय पुढच्या टप्प्याचं लक्षण समजावं.’ म्हणजे माणूस पट्टा नाही, जाळी नाही, साठ फुटांवर एका पाइपवर उकिडवा बसलाय आणि गार वाऱ्यात नट आवळतोय. खाली उज्वला मॅडम भोंग्यातून ओरडतायत, “घाबरू नका! खोल श्वास घ्या!”

त्यानं आवळला. रेघ रेघेला लावली. मग मान वर करून पुढं बघितलं. चौथ्या वळणावरची रेघही तुटलेली होती. तो तिकडं सरकायला लागला तेवढ्यात दोन वॉचमननी शिडीवरून त्याचा पाय धरला. खाली उतरवताना त्यानं सगळ्यांना चौथ्याचं सांगितलं. चारदा सांगितलं. “अजून एक नट?” मॅडम म्हणाल्या. “बघा, भीती कशी वाढत जाते.”

खाली आल्यावर भिकननं एकच केलं. पहिल्या डब्याचा दांडा उचलला आणि निकिताला काखेत धरून बाहेर काढलं. पाना देऊन मागच्या डब्यात जाऊन बसलेला वसीमही आपला आपण उतरला.

“पप्पा, सगळ्यांसमोर!” पोरगी रडत होती. “सगळे हसतायत!”

हसत होते, हे खरं आहे. मग गाडी सुटली आणि ओरडायला लागले.

शिबिराचा निकाल येणेप्रमाणे. एकूण भयग्रस्त चौसष्ट. बरे झाले बासष्ट. ओकले एकोणीस (हे बऱ्या झालेल्यांत धरलेत). चपला हरवल्या सात. नट पडले शून्य. नट पडला नाही, याचा अर्थ भिकन चुकला, हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालं. वसीमची भीती ‘संसर्गजन्य’ म्हणून लिहिली. बासष्ट जणांच्या नावांवर कंपनी अजून विचार करतेय. त्यांच्यातल्या कुणी विचारलं नाही, कुठवर आलं म्हणून. विचारायची भीती वाटते म्हणतात.

निकिता तीन दिवस बापाशी बोलली नाही. चौथ्या दिवशी बोलली, पण वर्गात अजून सांगते की पप्पांना राईडला भीती वाटते. भिकन तिला खोटं पाडत नाही. तो तिच्या सायकलचे नट आवळत बसतो.

तुम्ही मात्र येत्या रविवारी पोरांना घेऊन जाच. गर्दी असते, सकाळी लवकर निघा. नारळ रोजचा फुटतोय. तिसऱ्या वळणावर आता आवाज येत नाही, भिकननं पक्का केलाय. चौथ्यावर येतो. पण तोवर तुम्ही दोन्ही हात वर करून ओरडत असाल, तुम्हाला काय ऐकू येतंय.